सेबंतीची सवत

आमच्या उल्टाडांग्याच्या गल्लीत एखाद्या सकाळी सेबंती वरच्या सज्ज्यात कोऱ्या भांगाने कपडे वाळत घालताना दिसली, की सगळ्यांना कळायचं, आज प्रियव्रत भांडं जोडायला जाणार.

नवखं माणूस दचकायचं. हातात शंखाच्या बांगड्या आहेत, नवऱ्याचे शर्ट पिळते आहे, आणि भांगात सिंदूर नाही! समोरच्या घरातले बटुकबाबू आमच्या पूजामंडळाचे सेक्रेटरी. असा कुणी पाहुणा थबकला की ते रस्त्यातूनच मोठ्याने सांगत, "काही झालेलं नाही हो. प्रियव्रत भादुरी ठणठणीत आहे. अंघोळ करतोय, दुसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा, बटुकदा!" सेबंती वरून म्हणायची. "आज सवतीचं न्हाणं आहे. तिच्या आधी यांचं."

मी त्याच घरात तळमजल्यावर राहते. हातीबागानच्या नाटकघरांचे दिवे एकेक करून मालवू लागले, तेव्हा प्रियव्रतच्या वडिलांनी मला या दोन खोल्या दिल्या. नाटकातली बाई भाडेकरू म्हणून येते, यावर गल्लीत बरीच कुजबुज झाली. प्रियव्रत तेव्हा कॉलेजात होता. त्याने माझी रंगांची ट्रंक उचलून आत ठेवली, घाम पुसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दीदी, तुम्ही सिंदूर खरा वापरता का? पाऱ्याचा असतो तो, पारा आणि गंधक. फार लावू नका, कातडीला वाईट."

माझ्या नावाभोवती तेव्हा एवढ्या चविष्ट गोष्टी फिरत होत्या, आणि या मुलाला काळजी माझ्या कातडीची. मी त्या दिवसापासून त्याला 'प्रियो' म्हणू लागले.

पुढे तो बायपासपलीकडच्या मोठ्या संशोधन केंद्रात लागला आणि त्याचं सगळं आयुष्य एका भांड्यात गेलं. अगदी अक्षरशः. नायोबियम नावाचा एक करडा, मळक्या चांदीसारखा धातू असतो. त्याच्या पत्र्यातून वाट्या दाबून काढायच्या, दोन वाट्या तोंडाला तोंड लावून हवा काढलेल्या पेटीत जोडायच्या, आणि असे फुगीर कप्पे एकापुढे एक जोडून माळ करायची. आतून ती आम्लाने उजळायची, शुद्ध पाण्याच्या फवाऱ्याने तासन्‌तास धुवायची, मग द्रवरूप हेलियमच्या थंडीत बुडवायची. कणांना वेग देणाऱ्या यंत्राचं हे काळीज. केंद्रात त्याला मोठं इंग्रजी नाव होतं. आमच्या घरात ते 'भांडं' होतं, आणि सेबंतीच्या तोंडी 'सवत'.

मी एकदा त्याला विचारलं होतं, एवढं काय आहे त्या भांड्यात. सज्ज्यात आम्ही तिघं चुरमुऱ्यांची मुढी खात बसलो होतो.

"चपलादी, तुमच्या नाटकघरात टाळी वाजवली तर किती वेळ घुमते?"

"घर चांगलं असेल तर दोन श्वास."

"माझ्या भांड्यात विजेची लहर घुमते. तांब्याच्या भिंती ती लहर खातात आणि तापतात. हा धातू पुरेसा गार केला की जवळजवळ काहीच खात नाही. घंटा असती तर या पूजेला वाजवलेली पुढच्या पूजेला ऐकू आली असती. त्या लहरीतून कण गेला की ती त्याला ढकलते, झोपाळ्याला झोका द्यावा तशी."

"मग अडलंय कुठे?"

"खोकला," प्रियो म्हणाला. "सगळं घर शांत आहे, रंगात आलंय, आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकतो. तसा धुळीचा एक कण. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. जोर वाढवला की त्या कणापाशी ठिणगी धरते आणि सगळी ताकद तिथेच सांडते."

"बाहेरून आणता येत नाही का तयार भांडं?"

"येतं की. गाणंसुद्धा रेकॉर्डवर मिळतं," तो म्हणाला आणि मुढीचा बकाणा भरला. मला त्याचं म्हणणं कळलं. इथल्या हातांनी केलेलं एक भांडं कागदावर लिहिलेला पूर्ण जोर पेलेल, एवढीच त्याची हौस होती. एकच, पण आयुष्यभराची.

सेबंती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने हा नियम स्वतः केला. ज्या दिवशी धुतलेलं भांडं स्वच्छ खोलीत जोडायचं असे, त्या दिवशी प्रियो नखशिखांत पांढरे कपडे घालून आत जाई, डोळ्यांपुरती फट उघडी. पावडर नाही, अत्तर नाही, आदल्या दिवसापासून विडी नाही. घरात सिंदूर उडत असताना या सगळ्याचा उपयोग काय, असं तिचं म्हणणं. म्हणून तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ती सिंदूर लावत नसे.

तिच्या सासूने तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी म्हणाली, "नवऱ्याच्या आयुष्यासाठी लावतात, सूनबाई. खेळ नाही तो."

"त्यांच्या आयुष्यासाठीच ना, मा? मग ते गल्लीच्या टोकाला गेले की लावते. आयुष्य काय फाटकापर्यंतच मोजतात?"

सासूला हसू आलं आणि नियम घराचा झाला.

मी रंगमंचावर कितीतरी नवऱ्यांच्या नावाने सिंदूर भरला आणि पडदा पडल्यावर खोबरेल तेलाने पुसला. घरी कधी लावला नाही. पण त्या पुडीचा स्वभाव मला पक्का ठाऊक आहे. आज भांगात भरावा, उद्या उशीच्या शिवणीत सापडतो, परवा नायकाच्या कानामागे. सेबंतीचा नियम ऐकून मी मनात तिला नमस्कार केला होता.

निरोपाची त्यांची एक रीत होती. प्रियोचा चष्मा सदा नाकावरून घसरलेला. निघताना सेबंती एका बोटाने तो वर सरकवायची, कानापाशी दांडी नीट बसवायची आणि म्हणायची, "जा. सवतीला सांगा, मी विचारलंय."

आणि तो परत यायचा तेव्हा बातमी त्याच्या तोंडून नव्हे, तक्रारीतून कळायची. बिघडलं असेल तर दोन दिवस मौन, मग स्वतःवर आगपाखड. आणि साधलं असेल तर? तर या माणसाला आनंद म्हणून सांगताच येत नसे. एका कप्प्याचं छोटं भांडं पहिल्यांदा पूर्ण जोराला उतरलं, त्या संध्याकाळी तो तोंड पाडून घरी आला. "झालं. पण मोजमापाची तार खराब आहे. पण कमी जोराला जरा जास्तच तापतं. पण वेल्डची कड…"

सेबंती उठली आणि खिरीसाठी दुधात तांदूळ शिजत लावले. "अहो, 'पण' किती झाले? तीन? मग पायेश करायलाच हवी."

पूर्ण माळेचं भांडं मात्र काही केल्या उतरेना. वर्षं गेली. कधी वेल्डमध्ये भोक, कधी आम्लाचा डाग, कधी अर्ध्या जोरावर ठिणगी. त्यांना मूल झालं नाही. बायका विचारायच्या तेव्हा सेबंती म्हणायची, "सवतीला होऊ दे आधी." हसायची. मग विचारणाऱ्या बाईच्या हातावर नारळाचा लाडू ठेवायची.

प्रियोच्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी भाद्रपदात सेबंतीच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नावच काढलं नाही. घरी न्या, म्हणाले, दुखू नये एवढं बघू.

बटुकबाबू भेटायला आले. मनाने चांगले आहेत, पण जीभ आधी धावते. जिन्यात त्यांनी प्रियोचा हात धरला. "भादुरी, तुमच्या केंद्रातल्या यंत्रातून म्हणे कॅन्सरची औषधं निघतात? मग तू काहीतरी…"

"ते दुसरं यंत्र, बटुकदा," प्रियो म्हणाला. "माझ्या यंत्रातून अजून काहीच निघालेलं नाही."

शेवटचं भांडं तेव्हा धुऊन तयार होतं. केंद्राने त्याला सांगितलं होतं, तू घरी थांब, तोर्षा जोडेल. तोर्षा हालदार त्याच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, हुशार, हात स्थिर. प्रियोही थांबायलाच निघाला होता. सेबंतीने ऐकलं नाही.

"माझ्याजवळ बसून काय कराल? नाडी मोजाल? चपलादी आहेत. तुम्ही जा. मला जायच्या आधी एकदा ऐकायचंय की तिने पूर्ण जोर घेतला. एवढी वर्षं मी सवत पोसली, तिचं कौतुक ऐकल्याशिवाय जाऊ?"

तिचं मागणं एवढंच होतं. त्या घरात दुसरं काही मागण्यासारखं उरलंही नव्हतं.

जोडणीचा दिवस विजयादशमीचा. दर वर्षी तसंच. पूजेच्या सुट्टीत केंद्र ओस पडतं, दारं उघडत नाहीत, माणसं फिरत नाहीत, म्हणून प्रियो नेहमी तोच दिवस धरायचा. खाली मांडवात ढाक वाजत होते. गल्लीतल्या सवाष्णी लाल काठाच्या साड्या नेसून देवीला निरोप द्यायला आणि एकमेकींना सिंदूर माखायला जमत होत्या. सेबंतीला उठवत नव्हतं. मी तिच्या उशाशी बसले होते.

प्रियो तिसरी अंघोळ करून निघाला. तिने त्याला थांबवलं.

"अहो, एक ऐकाल? आज तुम्ही लावा. दशमी आहे. पुढची काही मी बघत नाही."

तो दारातच उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. आयुष्यात इतका लांब थांबा मी कुठल्या नटाला घेताना पाहिलं नाही. मग तो आत आला, तिची डबी उघडली आणि तिच्या विरळ झालेल्या केसांतून भांगभर सिंदूर ओढला. थोडा तिच्या नाकावर सांडला. तिला फार हसू आलं. तिने तो बोटाने पुसला, आणि त्याच बोटाने, रोजच्या सवयीने, त्याचा चष्मा वर सरकवला, दांडी कानापाशी बसवली.

"जा. सवतीला सांगा, मी विचारलंय."

त्याने परत अंघोळ केली. नखं ब्रशने घासली. नवे कपडे घातले आणि चष्मा डोळ्यांवर चढवून गेला.

कोजागरीची लक्ष्मीपूजा झाली. भांडं हेलियममध्ये उतरलं. सेबंती रोज विचारायची आणि प्रियो रोज सांगायचा, "गार होतंय." तिचं अन्न आता दोन चमचे नारळपाण्यावर आलं होतं. "माझ्यापेक्षा सावकाश गार होतेय हो ती," ती म्हणाली. प्रियो उठून सज्ज्यात गेला.

मग एका दुपारी तो वेळेआधी परतला. वर गेला नाही. माझ्या दाराशी, जिन्याच्या पायरीवर बसला. मी चहा घेऊन आले. त्याने घेतला नाही.

"अर्ध्या जोरालाच ठिणगी धरली, दीदी. संपलं."

मी शेजारी टेकले. त्याचे डोळे भरले होते. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला. काचा पुसल्या, मग दांडी, मग दांडी जिथे दुमडते ती बिजागरी. पांढऱ्या सदऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली.

त्याने ती रेघ पाहिली. मीही पाहिली. आम्हा दोघांनाही ती काय आहे हे विचारावं लागलं नाही.

"आत जाताना काचा पुसल्या होत्या," तो म्हणाला. "तोर्षाने विचारलंसुद्धा, प्रियोदा, चष्मा? मी म्हटलं, पुसला. पण भांड्याचं तोंड उघडं होतं आणि मला ती आठवली. नाकावर सिंदूर सांडलेली. डोळ्यांत पाणी आलं. मी हातमोज्याने चष्मा सावरला, दीदी. आत कधीच चेहऱ्याला हात लावत नाही मी. नव्या पोरांना पहिला नियम तोच शिकवतो. सावरला, आणि त्याच हाताने भांड्याच्या तोंडावर कडी बसवली."

वरून सेबंतीचा खोकला ऐकू आला.

"आता तिला सांगणार होतो," तो म्हणाला. "नेहमी खरंच सांगत आलोय. पण ती विचारेल, कशाने? मी काय सांगू? तुझ्या सिंदुराने? एवढी वर्षं तिने कोऱ्या भांगाने सकाळी काढल्या. एकदा मागितलं. एकदाच." त्याने माझा हात धरला. "चपलादी, मला एक वाक्य शिकवा."

"कोणतं?"

"झालं, सेबंती. पूर्ण जोर घेतला."

"म्हणून दाखव."

त्याने म्हणून दाखवलं.

"अरे, बायकोला सांगतोयस की हावडा स्टेशनवर पुरीच्या गाडीची वेळ जाहीर करतोयस?"

"शिकवा म्हटलं ना!"

मी शिकवलं. त्या पायरीवर बसून, आवाज खाली दाबून, जे पन्नास वर्षांत शिकले ते शिकवलं. डोळे तिच्यावर ठेव, भिंतीवर नको. हात मोकळे सोड. श्वास वाक्याच्या आधी घे, वाक्य संपल्यावर सोडू नकोस. खोटं बोलणारा माणूस वाक्य संपलं की सुटकेचा श्वास टाकतो आणि तिथेच पकडला जातो. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळेला माझ्या अंगावर काटा आला, इतकं खरं आलं.

"जा आता," मी म्हटलं. "सदरा बदल आधी."

मी त्याच्या मागोमाग गेले. नवा नट पहिल्यांदा प्रवेश करतो तेव्हा विंगेत उभं राहायची माझी जुनी सवय.

सेबंती उशांना टेकून बसली होती. चेहरा मुठीएवढा झालेला. भांगात दशमीचा सिंदूर अजून होता, फिकटलेला. तिने कुणाला पुसू दिला नव्हता.

"झालं, सेबंती," तो म्हणाला. "पूर्ण जोर घेतला."

डोळे तिच्यावर. हात मोकळे. श्वास जिथल्या तिथे. मी मनात टाळी वाजवली.

सेबंती त्याच्याकडे बघत राहिली. "आणि?"

"आणि काय? झालं."

"पण?"

"पण काही नाही."

तिने मान माझ्याकडे वळवली. "चपलादी, शिकवणी तुमची ना?"

मी साडीच्या काठाशी चाळा करू लागले.

"वाक्य छान बसलंय हो. पण या माणसाने मला 'पण' नसलेली चांगली बातमी उभ्या जन्मात दिलेली नाही. खरंच झालं असतं तर एव्हाना तीन दोष ऐकवले असते. पंप आवाज करतो, तार सैल आहे, तोर्षा सावकाश लिहिते…" तिला धाप लागली. मग हळूच म्हणाली, "नाही ना झालं?"

"नाही," प्रियो म्हणाला.

"कशाने?"

याचं वाक्य मी त्याला दिलं नव्हतं. एकच वाक्य मागितलं होतं त्याने.

प्रियो खुर्चीत धप्पकन बसला. डोकं खाजवलं. आणि एकदम चिडून, तिच्याकडे न बघता, बोलायला लागला. "बोल्ट! दुसरं काय? कडी आवळताना बोल्टातून धातूची कणी सुटली. तोर्षा म्हणत होती, प्रियोदा, सावकाश, समोरासमोरचे आलटून-पालटून आवळू. मी ऐकलं नाही. मला घाई. म्हातारा झालोय, मनगटाला अंदाज राहिला नाही आणि मान्य करायचं नाही. नव्या पोराने असं केलं असतं तर खोलीबाहेर काढलं असतं मी. आणि ते बोल्ट तरी कसले! तीन वेळा लिहून दिलं होतं, मुलामा चढवलेले द्या म्हणून…"

तो बोलतच राहिला. बोल्ट, मनगट, केंद्राचं भांडार, स्वतःची अक्कल. सेबंतीचा चेहरा हळूहळू सैल झाला. ही तक्रार तिच्या ओळखीची होती. या सुरावर तिने इतकी वर्षं भात वाढला होता.

"बरं, बरं," ती म्हणाली. "एका बोल्टासाठी एवढं काय. इकडे या."

तो पलंगावर टेकला. तिने त्याचा चष्मा काढला. आपल्या पदराने काचा पुसल्या, दांड्या पुसल्या. मग दोन्हीकडच्या बिजागऱ्या, नखावर पदर ताणून, अगदी सावकाश, खोलवर. पुसून झाल्यावर पदराकडे पाहिलं नाही. चष्मा परत त्याच्या नाकावर ठेवला, एका बोटाने वर सरकवला.

"पुढच्या खेपेला तोर्षाला आवळू द्या," म्हणाली.

तिला काय कळलं आणि काय नाही, ते मला आजतागायत माहीत नाही. लोकांचे चेहरे वाचण्यावर मी पोट भरलं, पण तो चेहरा मला वाचता आला नाही.

खाली आल्यावर मी प्रियोला म्हटलं, "पहिलं वाक्य फसलं तुझं. पण दुसरं… ते कुठे शिकलास?"

"पहिलं फसणारच होतं, दीदी. तिच्यापुढे माझं काही टिकत नाही." तो पायरीवरच्या थंड झालेल्या चहाकडे बघत होता. "म्हटलं, एक खोटं तिच्या हाती लागू दे. ते पकडलं की ती दुसरं शोधणार नाही."

मी पन्नास वर्षं नाटक केलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दिवाळीत, कालीपूजेच्या आदल्या दिवशी सकाळी सेबंती गेली. गल्लीतल्या बायका आल्या. सवाष्ण गेली म्हणून तिच्या पायांना अळता लावला, भांग सिंदुराने भरला. बटुकबाबू दारात उभे होते, पहिल्यांदाच गप्प. शेवटी प्रियोला पुढे बोलावलं. त्याने मूठभर सिंदूर घेतला आणि तिच्या भांगातून, कपाळावरून, केसांतून असा ओतला की बायका मागे सरल्या. त्याचे हात, बाह्या, चष्मा, सगळं लाल झालं. तोर्षा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. "प्रियोदा, हात…"

"राहू दे," तो म्हणाला. "आज कुठे आत जायचंय?"

तसाच तो निमतल्याच्या स्मशानघाटावर गेला. तसाच परत आला.

केंद्रात मात्र त्याने खोटं सांगितलं नाही. भांडं उघडलं तेव्हा आतल्या भिंतीवर करपलेला एक सूक्ष्म खड्डा होता आणि तपासणीत त्यात पारा आणि गंधक निघाले. अहवालात त्याने लिहिलं, सिंदूर, जोडणाऱ्याच्या चष्म्यावरून, चूक जोडणाऱ्याची, आणि खाली सही केली. तोर्षाने तो वाचला आणि माझ्या खोलीत येऊन पोटभर रडली. महिनाअखेर तो निवृत्त झाला. शाल, फूल, भाषणं. एका वक्त्याने तो 'निष्कलंक' असल्याचं सांगितलं, तेव्हा तो आपल्या बुटांकडे बघत होता.

भांडं तोर्षाने परत आम्लात उजळलं, परत धुतलं. पुढच्या दशमीला जोडणी ठेवली आणि त्याला बोलावलं. तो गेला, पण आत गेला नाही. काचेबाहेर उभा राहिला. ती म्हणाली होती, प्रियोदा, कपडे तयार आहेत तुमचे. तो म्हणाला, "माझ्या घरात आता सिंदूर नाही, तोर्षा. तरी नको."

लक्ष्मीपूजेनंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी तो घरी आला. माझ्या दारावरून गेला, बोलला नाही. जिना चढताना पाय ओढत होता. म्हटलं, परत तेच. मी मागोमाग चढले आणि अर्ध्या जिन्यात थांबले, कारण वरून आवाज येत होता. तो सेबंतीच्या तसबिरीपुढे उभा होता. हार सुकलेला, तो काढायचंही सुचलेलं नाही.

"घेतला पूर्ण जोर," तो चिडून म्हणत होता. "घेतला, पण कमी जोराला तापतंय जरा. आणि तो पंप, सेबंती, असा खडखडतो की मोजमाप हलतं. पण सांगणार कुणाला? आणि तोर्षा, चांगली आहे मुलगी, पण किती सावकाश लिहिते! पण बोल्ट तिने…"

मी कठडा धरून पायरीवर बसले. मग त्याने नाक शिंकरलं आणि पुन्हा पंपापासून सुरुवात केली.

मी खाली आले आणि पायेशसाठी दुधात तांदूळ शिजत लावले.